गोधडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोधडी शिवायला शिकणारे, घरातली जुनी गोधडी जपणारे आणि पहिल्यांदाच विकत घेणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अवघड प्रश्न पुढे येतात. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. गोधडी, वाकळ, दुपटं, दुलई, रजई हे सगळं एकच आहे का?

गोधडी आणि वाकळ एकच. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे आणि खाली गोव्यापर्यंत वाकळ म्हणतात, पुणे-नाशिक-मराठवाड्यात गोधडी. जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक घालायचे, धावदोऱ्याने पक्के करायचे, की झाली गोधडी. तिच्यात कापूस भरत नाहीत. कापूस भरला की ती रजई. दुलई पातळ असते, सहसा दोनतीन पदरांची. दुपटं बाळाला गुंडाळण्यापुरतं, तर चौघडी चार पदरांची.

२. एका गोधडीला किती साड्या लागतात?

एका माणसाची गोधडी साधारण चार फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब धरा, म्हणजे १२० × २०० सेंटिमीटर. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास भरतं. त्याचे दोन-दोन मीटरचे चार थर निघतात आणि रुंदीही जवळपास पुरते. म्हणून दोन नऊवारींत आठ थरांची भरगच्च गोधडी होते. सहावारी साडेपाच मीटरची असते, तिचे पावणेतीन थर होतात. सहा थर हवे असतील तर तीन साड्या घ्या आणि उरलेलं कापड वरच्या तुकड्यांना वापरा.

थर किती हवेत हे गावच्या थंडीवर ठरवा. कोकणात चार थर पुरे होतात. नाशिक, महाबळेश्वरच्या बाजूला सहा ते आठ लागतात. आठाच्या वर जाऊ नका. सुई निघत नाही, बोटं दुखतात आणि धुतलेली गोधडी वाळता वाळत नाही.

३. कोणतं कापड चालतं? घरात सगळ्या साड्या पॉलिस्टरच्या आहेत.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण तीसचाळीस वर्षांत घराघरांतलं कापडच बदललं. आजीच्या पेटीत सुती लुगडी आणि आजोबांची धोतरं होती, आपल्या कपाटात सिंथेटिक आहे.

आतले थर आणि अंगाला लागणारी बाजू सुतीच हवी. सुती कापड घाम शोषतं, धुतल्यावर मऊ होतं, आणि एका थरावर दुसरा थर धरून राहतो. पॉलिस्टर, जॉर्जेट, शिफॉन निसरडे असतात. टाका घातला तरी थर सरकत राहतात आणि दोनचार धुण्यांत आत गोळे होतात. रात्री अंगाला चिकचिकही होतं. तरीही एखादी सिंथेटिक साडी आठवणीसाठी हवीच असेल तर तिचे छोटे तुकडे कापून वरच्या पटावर लावा, खाली सुती ठेवा.

सुती साड्या नसतील तर जुन्या चादरी, सुती ओढण्या, सदरे, परकर, उशांचे अभ्रे चालतात. पुरुषांचे सुती सदरे तर फार उत्तम. वापरून वापरून ते मऊ झालेले असतात. जीन्सचं कापड टाळा. ते जड असतं, सुई मोडते आणि शेजारचं पातळ कापड ओढून फाडतं.

नवं कापड मिसळणार असाल तर आधी दोनदा धुऊन घ्या. जुनं कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, नवं अजून आटायचं असतं. तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यातच गोधडीला सुरकुत्या पडतात. गडद लाल, निळ्या कापडावर ओला पांढरा फडका घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड वेगळं धुऊन रंग पूर्ण जाऊ द्या, मगच घ्या.

४. कधीच शिवलेली नाही. सुरुवात कशी करू?

पहिली गोधडी बाळाच्या मापाची करा, तीन फूट बाय तीन फूट, चार थरांची. हात बसला की मोठी घ्या.

कापड धुऊन, वाळवून, साडीचा फॉल उसवून टाका. स्वच्छ फरशीवर तळाचा थर पसरा. तो शक्यतो एकसंध, न कापलेला असावा. चारही कोपऱ्यांवर वरवंटा, डबा, हाताला येईल ते जड काहीतरी ठेवा. दोघांनी दोन बाजूंनी कापड ताणून धरलं तर सुरकुती राहत नाही, म्हणून हे काम एकट्याने करू नये. मग आतले थर घाला. इथे फाटकं, विरलेलं कापड खुशाल वापरा, पण एका थराचं भोक दुसऱ्याच्या भोकावर येऊ देऊ नका. दोन तुकड्यांच्या कडा चार बोटं एकमेकांवर चढवा, नाहीतर तिथे खड्डा राहतो. सगळ्यात वर वरचा पट: एक अख्खी साडी किंवा जोडलेले तुकडे.

आता कच्चा टाका. वीतभर अंतरावर लांब-लांब टाके घालून सगळे थर एकत्र बांधा. नवशिके हीच पायरी गाळतात आणि गोधडी इथेच बिघडते. तासभर जातो, जाऊ द्या.

कडा आत दुमडून घ्या किंवा गोट लावा. लुगड्याच्या काठाचा गोट सुरेख दिसतो आणि टिकतोही, कारण साडीत काठाची वीण सगळ्यात घट्ट असते. मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन असे धावदोऱ्याचे फेरे घालत मध्यापर्यंत या. आपल्याकडची जुनी पद्धत हीच. शिवणारी बाई गोधडीवरच बसते, तिच्या वजनाने कापड ताणलेलं राहतं, डावा हात खालून सुईचं टोक चाचपतो. दर फेऱ्याला हाताने सुरकुत्या आत सारत चला. मध्यावर फुगा येतोय असं दिसलं तर थांबा, तेवढ्या भागाचा कच्चा टाका उसवून कापड सारखं करा आणि पुन्हा घाला.

सुई लांब आणि मजबूत घ्या. दाभण मात्र नको, त्याने विरलेल्या कापडाला भोकं पडतात. जाड सुती दोरा घ्या. साध्या रिळाचा असेल तर दुहेरी करून त्यावर मेण फिरवा. बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, हवंच.

५. टाका किती मोठा? आणि किती दिवस लागतात?

टाका तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित मोठा, फार तर एक सेंटिमीटर. दोन ओळींत बोटभर, म्हणजे दीड सेंटिमीटर अंतर.

आता हिशेब करून पाहा. १२० × २०० सेंटिमीटरच्या गोधडीवर दीड सेंटिमीटर अंतराने ओळी घातल्या तर शिवणीची एकूण लांबी १६० मीटर होते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर १६,००० टाके. तासाला चारशे-पाचशे टाके पडले तर नुसत्या शिवणीचे ३२ ते ४० तास. घरकाम, शेतकाम सांभाळून रोज तीन तास बसणाऱ्या बाईला बारा-पंधरा दिवस लागतात ते यामुळे. एरवी उन्हाळ्यात, सुगी आटोपल्यावर, दुपारच्या वेळी चौघीजणी चार कडांना बसत आणि काम उरकत.

६. शिलाई मशीनवर केली तर काय बिघडतं?

नवं, मजबूत कापड असेल तर फारसं काही बिघडत नाही. जुन्या कापडाचं मात्र नुकसान होतं. मशीनचा टाका बारीक आणि घट्ट असतो, त्यामुळे विरलेल्या कापडावर ओळीने भोकं पडतात आणि वर्षभरात त्याच रेषेवर कापड फाटतं. हाताचा धावदोरा सैल असतो. ओढलं की दोरा थोडा सरकतो, कापडावर ताण येत नाही. हाताच्या गोधडीचा लुसलुशीतपणा त्या सैल टाक्यातून येतो; मशीनची गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ राहते. वरच्या पटाचे तुकडे मशीनवर जोडायला हरकत नाही. थर एकत्र करायचं काम हातानेच करा.

७. रंगीत तुकडे जोडलेली चादर म्हणजे गोधडी का?

दुकानांत तशी विकली जाते, पण नाही. रंगीत तुकडे हा वरचा एक थर झाला. ऊब येते ती खालच्या थरांमुळे आणि त्यांच्यामध्ये अडकून राहिलेल्या हवेमुळे. अनेक अस्सल जुन्या गोधड्यांना एकही तुकडा जोडलेला नसतो. वर-खाली अख्खं लुगडं, मध्ये थर, बस्. उलट नुसते तुकडे जोडून खाली एक अस्तर लावलेलं पांघरूण कितीही देखणं असलं तरी डिसेंबरच्या पहाटे कामाचं नाही. घेताना चिमटीत धरून थर मोजा.

८. गोधडीवर नक्षी असते का, की ती साधीच असावी?

मराठी गोधडीची नक्षी टाक्याच्या ओळींतच असते. चौकोनात चौकोन हा नेहमीचा घाट. त्याशिवाय कर्णरेषा, शंकरपाळे, मध्यभागी एखादं फूल किंवा तुळशीवृंदावन. गडद कापडावर पांढरा दोरा आणि फिक्या कापडावर लाल-काळा दोरा घेतला की ओळी उठून दिसतात. तुकडे लावायचे तर चौकोन आणि त्रिकोण सोपे जातात, कापडही वाया जात नाही. इरकली लुगड्याचा टोपपदर किंवा काठ मध्यभागी ठेवला तर दुसऱ्या कुठल्या नक्षीची गरजच राहत नाही.

९. कर्नाटकातल्या सिद्दींची कवंदी आणि आपली गोधडी यांचा काही संबंध आहे का?

नातं जवळचं आहे. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. गुलामीतून निसटलेली माणसं सह्याद्रीच्या जंगलात शिरली आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात वसली. आजही त्यांच्यातले बरेचजण कोकणीच्या वळणाची बोली बोलतात. त्या बायका जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात आणि आपल्यासारखंच कडेपासून मध्याकडे फेरे घालत येतात.

फरक दोन. एक म्हणजे त्या वरचे तुकडे आधी जोडून घेत नाहीत. कोपऱ्यापासून सुरुवात करून एकेक तुकडा ठेवत, कडा दुमडत, सगळ्या थरांतून शिवत पुढे सरकतात. त्यामुळे रंगांची मांडणी शिवता शिवता ठरते, आणि ती इतकी मोकळी असते की पाहत राहावं. दुसरा फरक चार कोपऱ्यांवरच्या फुलांचा. कापडाची घडी घालून केलेले हे जाड त्रिकोण बाकी कशाच्याही उपयोगाचे नसतात, पण फुलांवाचून कवंदी उघडी दिसते असं त्या मानतात. ज्यांच्या पूर्वजांना नेसत्या वस्त्रानिशी पळावं लागलं त्यांनी अंथरुणाच्या कोपऱ्यावर फूल लावायचं सोडलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. ही कला कुणाकडून कुणी घेतली या वादात मी पडत नाही. कापड एकच, गरज एक, आणि डोंगराच्या दोन्ही बाजूंना हात तसेच.

१०. कांथा, सुजनी, रल्ली यांच्याबद्दल थोडक्यात सांगा.

बंगालचा कांथा जुन्या साड्यांचाच. त्यावर माणसं, झाडं, मासे, कमळं भरतात, आणि पूर्वी दोरासुद्धा साडीच्या काठातून उसवून काढत. बिहारची सुजनी मुझफ्फरपूरच्या बाजूची, मुळात नवजात बाळासाठी केलेली. तिच्यावर आता बायका स्वतःच्या आयुष्याच्या गोष्टी टाक्यांनी मांडतात. रल्ली सिंध, कच्छ आणि राजस्थानच्या पट्ट्यातली, भडक रंगांच्या चौकोनी तुकड्यांची. तिन्ही ठिकाणी पाया तोच: जुनं सुती कापड, थर, धावदोरा.

११. नवजात बाळाला जुन्या कापडाचीच गोधडी का देतात? आणि ती सुरक्षित आहे का?

नव्या कापडात खळ असते, रंग कच्चा असू शकतो, पोत खरखरीत असतो. शंभर धुणी झालेल्या धोतराइतकं मऊ काही विकत मिळत नाही. म्हणून आजोबांच्या धोतराची लंगोटी आणि आजीच्या लुगड्याचं दुपटं. दीर्घायुषी माणसाचं वस्त्र बाळाला लाभावं ही भावनाही त्यात आहे.

सुरक्षिततेचं मात्र नीट ऐका. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर झोपेत सैल, जाड पांघरूण घालू नये. ते तोंडावर येऊन श्वास अडू शकतो. गोधडी बाळाच्या खाली अंथरा. पातळ, सपाट, न गोळा होणारी असावी. बाळाच्या गोधडीला बटणं, टिकल्या, लोंबते गोंडे लावू नका आणि दोऱ्याच्या गाठी थरांच्या आत दडवा. आवडीने पाठवलेल्या जड गोधडीचं काय करायचं, असं नव्या आया विचारतात. वर्षभर ती जमिनीवर पसरा, बाळ तिच्यावर रांगायला शिकेल.

१२. गोधडी धुवायची कशी? वॉशिंग मशीनमध्ये चालेल का?

घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुवायचा रिवाज अजून पुष्कळ गावांत आहे. त्यामागे शहाणपण आहे. पावसाळ्यात सगळ्या अंथरुणांना दमट वास धरलेला असतो, नदीला पाणी असतं आणि आश्विनातलं ऊन कडक असतं. ओली गोधडी एकटीला उचलत नाही, त्यामुळे हे काम नेहमीच दोघींचं.

घरी धुताना मोठ्या टबात गार पाण्यात साधी पावडर किंवा रिठ्याचं पाणी घालून अर्धा तास भिजवा. रात्रभर ठेवू नका, रंग उतरून एकमेकांना लागतात. मग पायाने तुडवा. धोपटू नका. नवीकोरी असताना मोगरी चालायची, जुन्या गोधडीचे आतले थर त्याने तुटतात. पिळाही घालू नका. पाणी निथळू द्या आणि दोन दोऱ्यांवर किंवा गच्चीच्या कठड्यावर पसरा, म्हणजे वजन एका रेषेवर पडणार नाही. रंगीत बाजू खाली ठेवा. वरून कोरडी लागली तरी आतले थर ओले असतात, आणखी एक दिवस ऊन द्या.

मशीनमध्ये धुवायची तर टाके पक्के आणि कापड धडधाकट हवं. दोन-अडीच किलोची गोधडी सात किलोच्या पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये नाजूक कपड्यांच्या चक्रावर चालते. आजीच्या हातची, विरलेली असेल तर नाही म्हणजे नाही.

१३. पावसाळ्यात कुबट वास येतो, काळे ठिपके पडतात. काय करावं?

ती बुरशी आहे. गोधडी पूर्ण कोरडी न करता पेटीत ठेवली की धरते. ठिपक्यांवर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा. फिके होतात, जुने असतील तर पूर्ण जात नाहीत. ब्लीच वापरू नका, रंग आणि धागा दोन्ही खातं. ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको, जुन्या धोतरात किंवा सुती चादरीत गुंडाळा आणि सुकलेला कडुनिंबाचा पाला घाला. दर तीनचार महिन्यांनी घडी बदला, एकाच घडीवर कापड कातरतं. ढेकूण झाले असतील तर धुण्याबद्दल क्रमांक १२ मधली एक गोष्ट बदला: पाणी कडकडीत गरम घ्या, रंगाचं नुकसान सोसा.

१४. आमची गोधडी जागोजागी फाटली आहे. टाकून द्यावी का?

नको. गोधडी दुरुस्त करत जायचीच वस्तू आहे. वरचा पट विरला असेल तर त्यावर नवा पट घालून पुन्हा फेरे घाला. कडा गेल्या असतील तर नवा गोट लावा. सगळीच जीर्ण झाली असेल तर ती अख्खी गोधडी नव्या गोधडीचा आतला थर म्हणून वापरा. खेड्यात अशा गोधड्या मिळतात की एक कोपरा उसवला तर आत आधीच्या पिढीची गोधडी दिसते, आणि तिच्या आत आणखी एक. अगदीच धागे निघत असतील तेव्हा पायपुसणं, आणि त्यानंतर चुलीवरून भांडं उतरवायचं फडकं.

१५. पैठणी किंवा रेशमी साडीची गोधडी करता येते का?

येते, पण ती रोज वापरायची नाही. रेशीम पाणी आणि ऊन सोसत नाही, आणि जुनी जर तुटून अंगाला टोचते. आधी साडी उजेडात धरून पाहा. घड्यांवर चिरलेली असेल तर ती पूर्ण गोधडीच्या कामाची नाही. काठ आणि पदर तेवढे वाचवा. ते सुती गोधडीच्या मध्यभागी किंवा कडेला लावा, खाली मलमल घाला आणि बारीक टाक्यांनी चहूबाजूंनी बसवा. धडकी पैठणी मात्र कापू नका. ती नेसायला वर्षानुवर्षे टिकेल, आणि नेसली गेली तर जास्त बरं.

१६. आई गेली. तिच्या साड्यांची गोधडी करायची आहे, पण घरातले म्हणतात अशुभ असतं.

असं पत्र महिन्यादोन महिन्यांत येतंच. ज्या अंथरुणावर माणसाने प्राण सोडला ते बहुतेक घरांत टाकून देतात किंवा दहनाच्या वेळी देतात. आजाराच्या दृष्टीनेही ते बरोबरच होतं. पण कपाटातल्या साड्यांना तो नियम लागत नाही. आईची साडी लेकीने, सुनेने नेसणं हा आपल्याकडे मानच समजतात, मग तीच पांघरली तर काय बिघडलं? घरातल्या वडीलधाऱ्यांना हे शांतपणे सांगून पाहा. तरी मन नाही झालं तर वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबा. मी तर एरवीही थांबायलाच सांगते. पहिल्या महिन्यात कापायला बसलेले हात घाई करतात, आणि कापलेलं परत जोडता येत नाही.

साड्या निवडताना सणाच्या, लग्नाच्या साड्यांकडे आधी लक्ष जातं. रोजच्या घ्या. स्वयंपाकघरात नेसून विटलेल्या, पदराला हळदीचा डाग असलेल्या. त्या सुती असतात, मऊ असतात, आणि डोळ्यांपुढे आई येते ती त्यांतच. डाग कापून टाकू नका. भावंडं तीन असतील तर एकच मोठी गोधडी करून वाटणीचा प्रश्न उभा करू नका. प्रत्येक साडीचा थोडा भाग प्रत्येक गोधडीत येईल अशा तीन करा. साड्या सिंथेटिक असतील तर क्रमांक ३ पाहा. दुसऱ्याकडून शिवून घेणार असाल तर कुठला तुकडा कुठे यावा हे कागदावर काढून द्या आणि उरलेली चिंधीसुद्धा परत मागा. तुम्हाला शिवता येत नसलं तरी शेवटचा फेरा तुम्ही घाला, वेडावाकडा आला तरी चालेल.

१७. हाताची गोधडी कशी ओळखायची, आणि तिची किंमत इतकी का असते?

उलटी करून पाहा. धावदोरा दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो: टाका, मोकळी जागा, टाका, मोकळी जागा. मशीनची शिवण दोन्हीकडे सलग रेघ असते. हाताच्या टाक्यांची लांबी थोडी कमी-जास्त असते आणि कोपऱ्यावर वळताना ओळ किंचित झुकते.

किंमतीचं उत्तर क्रमांक ५ मध्ये आहे. ३२ ते ४० तासांची शिवण, त्याआधी कापड धुणं, उसवणं, मांडणं, कच्चा टाका. हे सगळं धरलं की आठवड्याची पूर्ण मजुरी होते. पिढ्यान् पिढ्या हे काम घरातल्या बाईने फावल्या वेळात फुकट केलं, म्हणून त्याला मोलच नाही अशी समजूत बसली. सुतार, गवंडी यांची रोजंदारी आपण निमूट देतो. गोधडी शिवणाऱ्या बाईशी मात्र शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. कृपया करू नका. मजुरी गोधडीच्या मापावर, थरांवर आणि दोन ओळींतल्या अंतरावर ठरवा, अर्धी आधी द्या, आणि दुकानातून घेत असाल तर शिवणारीला किती मिळाले हे विचारा. जिचं नाव सांगता येत नाही तिच्या हातचं म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर मी घेत नाही.

१८. संतांच्या आणि साधूंच्या गोष्टींत गोधडी इतकी का येते?

कारण टाकलेलं कापड अंगावर घेणं म्हणजे मान, जात, श्रीमंती यांचा हिशेब सोडणं. नाथपंथी जोगी कंथा पांघरतात, तीही चिंध्यांचीच. टाकून दिलेल्या चिंध्यांचं चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, बुद्धाच्या भिक्खूंनी करावं, असं विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत आहे. मगधातली भातशेतं आणि त्यांचे बांध दाखवून तसं वस्त्र करता येईल का, असं बुद्धाने आपला शिष्य आनंद याला विचारलं, आणि आनंदाने तुकडे जोडून चीवर बेतलं. आजही चीवर तुकड्यांचंच असतं, आणि नीट पाहिलं तर त्यात खाचरं दिसतात.

महाराष्ट्रात गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबाबाही म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, लाखो रुपये उभे केले, आणि अंगावर चिंध्याच ठेवल्या. अंबाजोगाईच्या दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी वेगळी. ती चिंध्यांची नाही, जाड सुती कापड आहे. कागदाऐवजी सुमारे ४० फूट लांबीच्या त्या कापडावर त्यांनी आपला ग्रंथ लिहिला. काहीजण तिला गोधडी समजतात म्हणून इथे सांगितलं.

१९. 'आपला समाज गोधडीसारखा आहे' असं भाषणांत म्हणतात. ही उपमा बरोबर आहे का?

अर्धी. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वरचे रंगीत तुकडे असतात: वेगवेगळे रंग, तरी एकत्र. पण क्रमांक ७ मध्ये सांगितलं तसं, गोधडीचं बळ वरच्या पटात नसतं. कुणाला न दिसणारे, विटलेले, फाटके थर आत दबलेले असतात, ऊब तेच देतात. आणि सगळ्यांतून जाणारा दोरा कुणीतरी तास न् तास बसून घातलेला असतो. उपमा द्यायचीच असेल तर ती पुरती द्या: आत कोण आहे, शिवायला कोण बसलं, आणि पांघरायला कुणाला मिळतं, हेही सांगा. 'आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार' असं हताश होऊन म्हणतात, तेव्हाही मला आठवतं की गोधडी शिवणारी बाई फाटलेलंच कापड हातात घेऊन बसते, आणि सुरुवात कडेपासून करते.

२०. मुलगी परदेशी आहे. तिला गोधडी पाठवायची, तर काय लक्षात ठेवू?

सहा थरांची एका माणसाची गोधडी दोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे विमानाच्या २३ किलोच्या बॅगेत बसते. हवा काढून घ्यायची पिशवी प्रवासापुरती वापरा, तिकडे पोचल्यावर लगेच उघडायला सांगा; महिनोन् महिने दाबून ठेवली तर थर चपटे होतात आणि घडीवर कापड कातरतं. धुऊन, दोन दिवस ऊन देऊन मगच बांधा. तिकडे घरात हीटर असतो, तेव्हा चार थर पुरतात. कपडे वाळवायच्या गरम यंत्रात ती टाकू नको, असं चिठ्ठीत लिहा, कारण जुना सुती दोरा त्यात आटतो आणि गोधडी आखडते. सोबत सुई, त्याच रंगाचा दोरा आणि दोन-तीन सुती तुकडे द्या, कारण तीनचार वर्षांत एखादी कड उसवेलच.